पडताना आधी हात पुढे होतो

सायकल चालवताना हातमोजे घालावेत का, असा विषय निघाला की बहुतेक जण तो शर्यतवाल्यांकडे ढकलून मोकळे होतात. शेकडो किलोमीटर सायकल हाकणाऱ्यांनी घालावेत, डोंगरउतारावरून सुसाट येणाऱ्यांनी घालावेत. कामावर किंवा शाळेत जाणाऱ्याला त्यांचं काय? मला नेमकं उलटं वाटतं. हातमोज्यांची जास्त गरज रोजच्या, साध्या, छोट्या अंतराच्या सायकलवाल्याला आहे. शर्यतवाला पडला तर त्याला सांभाळायला माणसं असतात. रोजचा सायकलवाला पडला की दुसऱ्या दिवशी त्याच हातांनी त्याला कामाला लागायचं असतं. ज्याचं हातावर पोट आहे त्याला तर दुसरा मार्गच नसतो.

मी हे उशिरा शिकलो. एका वळणावर बारीक वाळू पसरलेली होती. वेग जेमतेम धावणाऱ्या माणसाइतका. पुढचं चाक सरकलं, आणि आपण पडतोय हे कळायच्या आत माझे दोन्ही तळहात डांबराला टेकले होते. गुडघे शाबूत, डोक्याला हेल्मेट, त्यालाही ओरखडा नाही. पण उजव्या तळहाताच्या बुडाशी, मनगटाला लागून, बाटलीच्या झाकणाएवढी साल निघाली होती आणि त्या ओल्या लाल जागेत खडीचे काळे कण रुतून बसले होते. दवाखान्यातल्या सिस्टरांनी नळाच्या धारेखाली माझा हात धरला आणि मऊ ब्रशनं ते कण घासून काढायला सुरुवात केली. "ओरडलात तरी चालेल," त्या म्हणाल्या, "पण हात मागे घेऊ नका. आत राहिले तर कायमचे राहतील." खरंच आहे ते. जखमेत राहिलेली रस्त्याची धूळ आणि डांबर कातडी भरून आली की तिच्याखाली गोंदल्यासारखं दिसत राहतं. पडल्याचं दुखणं मी केव्हाच विसरलो, पण ते घासणं विसरलो नाही. वर धनुर्वाताचं इंजेक्शन झालं ते वेगळंच.

पुढचे दहा-बारा दिवस मला शर्टाची बटणं लावता येईनात. कुलपात किल्ली फिरवता येईना, ओलं कापड पिळता येईना. खुर्चीतून उठताना आपण हातावर किती भार टाकतो, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. रात्री कुशीवर वळताना हात गादीला टेकला की जाग यायची. आणि भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "हाड मोडलं नाही ना? मग थोडक्यात निभावलं." निभावलं होतंच. पण ते ऐकताना जाणवायचं, की हाड मोडलं तरच इजा, कातडी गेली तर नुसतं खरचटणं, असा हिशेब आपल्या डोक्यात पक्का बसलाय. हातमोज्यांबद्दलचा सगळा गैरसमज तिथूनच सुरू होतो. हातमोजा हाड वाचवत नाही, तो कातडी वाचवतो. आणि तळहाताच्या कातडीची किंमत आपण फारच कमी लावतो.

हात पुढे करणं ही काही चूक नाही, ते आपल्या हातातही नाही. बाळ आठ-नऊ महिन्यांचं झालं की त्याला पोटाशी धरून एकदम खाली झुकवलं तर ते दोन्ही हात पुढे पसरतं. डॉक्टर याला पॅराशूट रिफ्लेक्स म्हणतात आणि बाळाची वाढ नीट होते आहे ना, हे पाहायला तो तपासतात. ही खोड जन्मभर टिकते. डोकं आणि चेहरा वाचवण्यासाठी शरीरानं हात खर्ची घालायचं ठरवून टाकलेलं आहे. सायकलचं हँडल जमिनीपासून साधारण मीटरभर उंच असतं, आणि एक मीटर खाली यायला अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी वेळ लागतो. "मी पडताना हात आवरून घेईन, खांद्यावर गोल फिरेन" असं म्हणणारे लोक मला भेटले आहेत. कुस्तीत किंवा जुदोत वर्षानुवर्षं पडायचा सराव केलेल्याला ते जमेलही. बाकीच्यांचे हात पुढे जाणारच.

मग पुढचा भाग घर्षणाचा. ताशी २० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. या वेगात पडलेलं शरीर कोरड्या डांबरावर थांबायला दोन-अडीच मीटर घसरतं, घर्षणाचा साधारण अंदाज धरून केलेला हा साधा हिशेब आहे. अडीच मीटर म्हणजे चांगल्या उंच माणसानं हात वर केल्यावर जेवढं अंतर होईल तेवढं. त्यातला काही भाग जरी तळहातावर अंगाचा भार घेऊन गेला, तर काय उरेल? तळहाताची कातडी जाड असते खरी, पण ती हाताच्या पाठीवरच्या कातडीसारखी सैल नसते. हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून उचलून पाहा, सहज उचलली जाते. तळहाताची तशी उचलून पाहा. ती आतल्या चिवट पडद्याला असंख्य उभ्या तंतूंनी टाचलेली असते, म्हणूनच आपल्याला वस्तू घट्ट पकडता येतात, हातात धरलेली वस्तू कातडीसकट फिरत नाही. पण त्याच कारणानं रस्त्यावर ती सरकत नाही, फाटते. घड्यांच्या जागी खोल व्रण राहिला तर तो भरताना आकसतो आणि बोट पूर्ण सरळ व्हायला अडतं. मराठीत जिवापाड सांभाळायला तळहाताच्या फोडासारखं जपणं म्हणतात. ज्यानं हा शब्दप्रयोग घडवला त्याला या जागेचं दुखणं चांगलंच माहीत असणार.

या ठिकाणी मध्ये एक पातळ थर असला की काय होतं, ते मी भाचीच्या हातमोज्यावर पाहिलं. ती रोज सायकलनं कॉलेजला जाते. एकदा समोर अचानक उघडलेल्या गाडीच्या दारामुळे पडली आणि तशीच घरी आली. "मामा, हे बघ," म्हणून तिनं मोजा काढून माझ्या हातात दिला. तळव्यावरचं कृत्रिम चामडं करंगळीच्या बाजूला पार घासून पांढरं पडलं होतं, शिवणीचे तीन-चार टाके तुटून दोरे बाहेर लोंबत होते, आणि एका जागी आतलं स्पंज दिसत होतं. त्याखालचा तिचा तळहात फक्त लाल होता. पण हा मोजा अर्ध्या बोटांचा होता, आणि मधल्या दोन बोटांची पेरं, जिथे मोजा संपत होता नेमकी त्याच्या पुढे, सोलवटली होती. जिथे कापड होतं तिथे कातडी राहिली, जिथे नव्हतं तिथे गेली. एवढा स्पष्ट पुरावा असल्यावर मला पटवून द्यायला आणखी काही लागलं नाही.

आता हातमोजा काय करत नाही, तेही तितकंच ठासून सांगायला हवं, नाहीतर एका अंधश्रद्धेच्या जागी दुसरी येईल. पसरलेल्या हातावर पडलं की कोपर आणि मनगट यांच्यामधल्या, अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचं मनगटाजवळचं टोक मोडतं. हे अस्थिभंग अब्राहम कोलिस या आयरिश शल्यचिकित्सकानं १८१४ मध्ये वर्णन केले आणि आजही त्याच्याच नावानं ओळखले जातात. भार हातातून वर खांद्याकडे चढत गेला तर गळपट्टीचं हाड (कॉलरबोन) मोडतं. सायकलवाल्यांमध्ये हे अगदी नेहमीचं आहे. तळव्यावरची काही मिलीमीटरची गादी यातलं काहीही थांबवू शकत नाही. उलट मोजा काढल्यावर कातडी धडधाकट दिसते म्हणून मार लागलाच नाही, असं समजून चालू नये. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटात, स्कॅफॉइड नावाचं नावेच्या आकाराचं एक लहानसं हाड असतं. त्याची चीर पहिल्या एक्स-रेमध्ये कित्येकदा दिसत नाही, आणि दुर्लक्ष झालं तर ते नीट जुळत नाही. पडल्यानंतर अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या खोलगट जागी दाबून दुखत असेल तर मोजा घातला होता की नव्हता, हा विचार न करता डॉक्टरांना दाखवावं.

पडण्याबद्दल मी इतकं लिहिलं, पण सुदैवानं आपण रोज पडत नाही. हँडलवर मात्र रोज रेलतो. तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूला मनगटाशी एक अरुंद वाट आहे. फ्रेंच शल्यचिकित्सक ग्युयाँ यांनी १८६१ मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून तिला ग्युयाँची नळी म्हणतात. तिच्यातून अल्नार नावाची नस (मज्जातंतू) जाते आणि या नशीवर तिथे फारसं आच्छादन नाही. हँडलवर भार देऊन तासन् तास बसलं की नेमकी हीच जागा दबते. आधी करंगळीला आणि अनामिकेच्या निम्म्या भागाला मुंग्या येतात, मग ती बधिर होतात. दाब फारच झाला तर बोटांची ताकद जाते, किल्ली चिमटीत धरवत नाही, करंगळी बाकीच्या बोटांना जुळवता येत नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६०० किलोमीटरचा प्रवास करणाऱ्या २५ सायकलस्वारांचे हात आधी आणि नंतर तपासले होते. त्यातल्या २३ जणांना संवेदनेचा, ताकदीचा किंवा दोन्हींचा त्रास झाला. नवखे आणि मुरलेले यांच्यात लक्षणीय फरक आढळला नाही. सवयीनं नस कणखर होत नाही, हे त्यातून निघतं.

इथे गादीचा हातमोजा उपयोगी पडतो, दाब मोजून केलेल्या प्रयोगांतही तळहातावरचा दाब कमी झालेला दिसतो. पण याच ठिकाणी सर्वांत जास्त फसगत होते. दुकानात आपण मोजा हातात घेऊन अंगठ्यानं दाबतो, जितकी आतली जेलची गादी फुगीर तितका मोजा चांगला, असं समजतो. जाड गादीमुळे हँडलची जाडी वाढते, बोटांना जास्त आवळून धरावं लागतं, आणि गादी नेमकी नशीवर आली तर ती भार पसरवण्याऐवजी तिथेच दाबून धरते. चांगल्या मोज्यात गादीचे दोन तुकडे नशीच्या दोन बाजूंना असतात आणि मध्ये खाच ठेवलेली असते. मुख्य म्हणजे हात बधिर होणं ही सायकलची तक्रार आहे. सीटचं टोक खाली झुकलेलं असेल तर अंग सतत पुढे घसरतं आणि ते हातांनी रोखावं लागतं. हँडल फार लांब किंवा फार खाली असेल, टायरमध्ये गरजेपेक्षा जास्त हवा ठासली असेल, तर सगळा भार आणि सगळे धक्के तळहातावर येतात. आधी हे दुरुस्त करावं, कोपर किंचित वाकवून ठेवावं, पकड दर काही मिनिटांनी बदलावी. एवढं करून मोजे घातले तर ते मदत करतात. न करता घातले तर दुखणं फक्त उशिरा कळतं.

मोज्यांविरुद्धचे आक्षेप मी बरेच ऐकले आहेत आणि त्यातले काही मला मान्य आहेत. उकाड्यात हाताला घाम येतो, हा पहिला. येतोच. पण तळहाताला मोजा नसतानाही घाम येतो, घर्मग्रंथी सर्वांत दाट जिथे असतात त्यांतली ही एक जागा आहे. घामानं निसटणारी रबरी मूठ धरण्यापेक्षा पाठीला जाळी आणि तळव्याला चामडं असलेला मोजा बरा. अंगठ्यावर टॉवेलसारखं कापड शिवलेलं असतं, ते डोळ्यांत उतरणारा घाम पुसायला असतं, आणि ते किती उपयोगी आहे हे एकदा चढावर कळलं की पुन्हा सांगावं लागत नाही. ब्रेकचा अंदाज येत नाही, हा दुसरा आक्षेप. सैल किंवा अति जाड मोज्यात तो येत नाही, हे खरं आहे. त्यावर उत्तर मापाचा मोजा हेच.

"इतकी वर्षं चालवतोय, काही झालं नाही," या वाक्यावर मात्र मला खरोखर काळजी वाटते. वाळू, गटाराचं ओलं लोखंडी झाकण, मध्येच आलेलं कुत्रं, अचानक उघडलेलं दार, यातलं काहीच आपल्या अनुभवाला विचारून समोर येत नाही. आणि नावाजलेले सायकलपटू उघड्या हातांनी चालवताना दिसतात, म्हणून आपणही तसंच करावं, हेही पटत नाही. त्यांच्यासाठी रस्ता बंद केलेला असतो, मागे डॉक्टरची गाडी असते. त्यांना हँडलचा स्पर्श आणि अंगावरचं ओझं यांचा हिशेब सेकंदांत करायचा असतो. आपल्याला वेळेवर कामावर पोचायचं असतं.

मग सक्ती करावी का? माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. मार्च २००३ मध्ये फ्रान्समधल्या पॅरिस-नीस शर्यतीत आंद्रे किविलेव हा कझाक सायकलपटू पडून डोक्याच्या मारानं गेला. त्यानं हेल्मेट घातलेलं नव्हतं. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेनं व्यावसायिक शर्यतींत हेल्मेट सक्तीचं केलं. ते योग्यच झालं, कारण तिथे प्रश्न जिवाचा होता आणि नियम एका बंदिस्त खेळापुरता होता. रस्त्यावरच्या सर्वसामान्यांचं गणित निराळं आहे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं जुलै १९९० मध्ये सर्व सायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं, तेव्हा त्यानंतरच्या मोजणीत सायकल चालवणारी किशोरवयीन मुलं बरीच कमी झालेली दिसली. हेल्मेटच्या बाबतीत यावर आजही वाद चालू आहे आणि दोन्ही बाजूंना वजन आहे. पण हातमोज्यांसारख्या, जीव न वाचवणाऱ्या वस्तूसाठी एक जरी माणूस सायकलवरून उतरणार असेल तर तो सौदा तोट्याचा आहे. सायकल चालवण्यानं हृदयाला, फुप्फुसांना, शहराच्या हवेला जे मिळतं ते तळहाताच्या सालीपेक्षा फार मोठं आहे. आणि रस्त्यावरची वाळू झाडणं, खड्डे बुजवणं, सायकलला स्वतंत्र जागा देणं ही ज्यांची जबाबदारी, त्यांना "तुम्ही मोजे का घातले नाहीत?" असं विचारण्याची सोय आपण करून देता कामा नये.

म्हणून मी सांगतो ते आग्रहानं, पण कायद्याच्या भाषेत नाही. सायकल विकणाऱ्यानं कुलूप आणि घंटी दाखवतो तशी मोज्यांची जोडीही दाखवावी. सायकल शिकवणाऱ्यानं ब्रेक शिकवण्याआधी मोजे घालायला लावावेत. सायकल भाड्यानं किंवा कामासाठी देणाऱ्या संस्थांनी, विशेषतः दिवसभर सायकलवरून सामान पोचवणाऱ्या मुलांना, ते सायकलबरोबरच द्यावेत. या मुलांचा हात गेला की त्या दिवसाची कमाई गेली, आणि त्यांना तो खर्च स्वतः करायला लावणं मला अन्यायाचं वाटतं.

निवडताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. मोटारसायकलच्या हातमोज्यांसाठी युरोपात ईएन १३५९४ हे मानक आहे. त्यात तळव्याचं कापड घासणाऱ्या पट्ट्यावर किती सेकंद टिकतं, हे मोजलं जातं. सायकलच्या मोज्यांवर असा शिक्का सहसा नसतो, त्यामुळे आपल्यालाच पाहावं लागतं: तळव्याच्या बुडाशी, जिथे हात आधी टेकतो तिथे, चामड्याचा दुहेरी थर आहे का, आणि शिवण नेमकी त्याच जागेवरून जात नाही ना. पडल्यावर आधी शिवणच उसवते. थंडीत बोटं पूर्ण झाकणारे मोजे हवेतच. ५ अंश तापमानात ताशी ३० किलोमीटर वेगानं जाताना उघड्या कातडीला जवळपास शून्य अंशाचा गारठा लागतो, आणि गारठलेलं बोट ब्रेक उशिरा दाबतं. गडद रंगापेक्षा उठून दिसणारा रंग घ्यावा, वळताना बाहेर काढलेला हात मागच्याला दिसायला हवा. मोजे वरचेवर धुवावेत, घामाचं मीठ साचून अस्तर कडक झालं की तेच कातडीला घासतं. आणि एकदा जोरात घासले गेलेले मोजे टाकून द्यावेत. भाचीला ते जिवावर आलं होतं, मीच नवे आणून दिले, या वेळी पूर्ण बोटांचे.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र मी आणखी आग्रही आहे. मोठा माणूस कधीतरी पडतो. सायकल शिकणारं मूल रोज पडतं, एका दिवसात चार-चारदा पडतं, आणि ते पडणं हाच शिकण्याचा भाग असतो. गुडघा फुटला तरी ते दुसऱ्या दिवशी पुन्हा सीटवर चढतं. तळहात सोलवटला की हँडल धरताच येत नाही, मग आठवडाभर सायकल भिंतीला टेकून राहते आणि तोवर मनात भीती बसते. बीएमएक्सच्या, म्हणजे उंचवटे असलेल्या मार्गावर छोट्या सायकलींच्या शर्यतींत लहान मुलंही उतरतात, तिथे बऱ्याच ठिकाणी बोटं झाकणारे हातमोजे नियमानंच घालावे लागतात, आणि ती मुलं त्याबद्दल कुरकुरताना दिसत नाहीत. फक्त "वाढत्या अंगाचे" म्हणून एक माप मोठे घेऊ नयेत. मुलाला मोजे घालून सायकलवर बसवावं, मागून सीट धरावी आणि ब्रेक दाबायला सांगावं. बोटाचं टोक लिव्हरवर नीट बसलं तरच ते माप त्याचं.